मांजरीचा मळवट

वर्षाराणीला मांजरीचा राग नव्हता. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद शिल्लक लागते, आणि तिची ताकद रोज संध्याकाळी उपकेंद्राला कुलूप घालतानाच संपलेली असायची. आरोग्यसेविकेची नोकरी म्हणजे तेर गावाच्या आसपासच्या वाड्यावस्त्या पायाखाली घालायच्या, बाळांना सुया टोचायच्या, बाळंतिणींच्या सासवांशी हुज्जत घालायची, मोबाईलवर माहिती भरायची, ती पुढं गेली नाही म्हणून पुन्हा भरायची. मग घरी येऊन भाकरी टाकायच्या. यात मांजर कुठं बसवायची? पण घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. चाकणला कंपनीत असलेल्या तिच्या नवऱ्यानं, शिवशंकरनं, हे घोडं आणून सोडलं होतं. तिथल्या साहेबाची बदली झाली, नव्या जागी मांजर चालत नव्हती, म्हणून साहेबानं ती शिवशंकरच्या गळ्यात घातली आणि शिवशंकरनं बायकोच्या. तो महिन्यातून एकदा यायचा, मांजरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि परत जायचा. एवढं प्रेम कुणालाही परवडतं.

मांजर पर्शियन होती. पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची, सदानकदा कुणावर तरी रुसल्यासारखी. साहेबाच्या घरी तिचं नाव स्नोई होतं. वर्षाराणीचे सासरे, बिरूमामा, तिला कोकरू म्हणायचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. गुडघे गेले म्हणून कळप विकून घरात बसलेला. पांढरं, मऊ आणि चार पायांचं दिसलं की त्यांच्या लेखी ते कोकरूच. वर्षाराणीनं मात्र दोन्ही नावं घेतली नाहीत. ‘त्या बाई जेवल्या का’, ‘त्या बाई कुठं लोळतायत’, असं ती विचारायची.

त्या बाई घरात टिकल्या त्या शिवकन्येमुळं. शिवकन्या ही वर्षाराणीची एकुलती एक लेक. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तिला लातूरला क्लास लावून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. दुसऱ्या वर्षी दिवाळीला म्हणून घरी आली ती परत गेलीच नाही. भांडण नाही, रडारड नाही. आतल्या खोलीत जाऊन बसली आणि बसूनच राहिली. तेव्हापासून तिनं घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. दुकानात जा म्हटलं तरी नको, आजोळी लोहाऱ्याला जाऊ म्हटलं तरी नको. कुणी पाहुणं आलं की दार लोटून घ्यायची. आईशी बोलणं म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’. दिवसभर लोकांच्या लेकीसुनांना धीर देत हिंडणाऱ्या वर्षाराणीला स्वतःच्या लेकीशी काय बोलावं ते कळत नव्हतं, आणि याची तिला मनातून फार लाज वाटायची. मांजरीशी मात्र पोरगी बोलायची. बंद दाराआडून तिची कुजबुज ऐकू यायची, आणि वर्षाराणी हातातलं भांडं तसंच धरून ऐकत उभी राहायची.

अशात एका संध्याकाळी शिवकन्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, सोलापूरला मांजरांचा शो आहे. स्नोईला न्यायचं?”

तव्यावरची भाकरी करपली. मांजरांचा शो म्हणजे काय असतं हे कळायच्या आत वर्षाराणी हो म्हणून बसली होती. पोरगी घराबाहेर पडायचं म्हणते आहे, स्वतःहून म्हणते आहे, एवढंच तिला ऐकू आलं. सोलापूर काय, मांजरीसाठी काशीला जायचं म्हटली असती तरी ती गेली असती.

हो म्हणणं सोपं होतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते शिवकन्येनं मोबाईलवर दाखवलं. शोची मांजर म्हणजे लग्नातल्या नवरीच्या वरताण. अंगावर एकही गाठ नको, डोळ्यांखाली डाग नको, कानात मळ नको, नखं कापलेली हवीत, आणि केस असे फुललेले हवेत की फुंकर मारली तर कातडी दिसावी. इकडं त्या बाईंच्या काखेत, पोटाखाली आणि कानांमागं केसांच्या गाठी होऊन नुसतं घोंगडं झालं होतं. शिवकन्या उत्साहानं कंगवा घेऊन बसली. पण पहिल्याच गाठीला मांजर ओरडली तसा पोरीचा हात थरथरायला लागला. तिनं कंगवा खाली ठेवला आणि म्हणाली, “माझ्याच्यानं नाही होत. मी काहीही करायला घेतलं की असंच होतं.”

हे वाक्य कंगव्याबद्दल नव्हतं, हे वर्षाराणीला समजलं. तिनं कंगवा उचलला.

तेव्हापासून रोजचा तोच नेम झाला. जेवणं उरकली की ओसरीवर जुनं लुगडं अंथरायचं, शिवकन्येनं मांजर मांडीवर धरायची आणि वर्षाराणीनं गाठी सोडवायच्या. गाठीवर मक्याचं पीठ भुरभुरायचं, केसांचं मूळ चिमटीत घट्ट धरायचं म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं उकलत वर यायचं. तान्ह्या पोरांच्या मांड्या धरून सुया टोचलेला हात. तो चुकत नव्हता, पण दुखत होता. पाठीला रग लागायची. डोळे मिटायला लागायचे. एकदा तर कंगवा हातात धरूनच ती पेंगली आणि मांजर शहाण्यासारखी तशीच पडून राहिली. एक काख मोकळी व्हावी तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या काखेत नवी गाठ तयार. या जनावरानं आपल्याला छळायचा विडाच उचललाय अशी वर्षाराणीची खात्री झाली.

बिरूमामा भिंतीला टेकून हे सगळं बघायचे. मधूनच म्हणायचे, “येवढा कुटाना कशापायी? कातर आन, भादरून टाकतो. लई झालं तर चार म्हैन्यात हुतंय परत.” एकदा तर त्यांनी माळ्यावरून मेंढ्यांची लोकर कातरायची ती लांबलचक कातर खरोखरच काढून आणली. शिवकन्येनं मांजर छातीशी कवटाळली. वर्षाराणीनं कातर काढून घेतली आणि सांगितलं, मामा, तुम्ही लांबून बघा, हात तेवढा लावू नका. त्यांच्या बोटांना कायम तंबाखूचा नाहीतर देवाच्या भंडाऱ्याचा रंग. तो हात चादरींपासून, कपड्यांपासून, पाहुण्यांच्या पोरांपासून लांब ठेवायची वर्षाराणीची जुनी सवय. मामा भिंतीपाशी परत जाऊन बसले. फक्त दर थोड्या वेळानं विचारत राहिले, “ऐतवारी कंच्या वक्ताला निघायचं म्हनलीस?”

शुक्रवारी त्या बाईंना आंघोळ घातली. त्याचं वर्णन न केलेलं बरं. आंघोळ मांजरीची होती, पण चिंब दोघी मायलेकी झाल्या, आणि वर्षाराणीच्या मनगटावर ओरखड्यांची नक्षी उठली. शॅम्पूची बाटली तेवढ्यातच रिकामी झाली. पार्लर चालवणाऱ्या शेजारच्या दैवशालाकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं. शनिवारी नखं झाली, कान झाले, उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळ्यांखालचे तांबूस डाग पुसून झाले. संध्याकाळी मांजर ओसरीवर बसली तेव्हा ती मांजर वाटतच नव्हती. पिंजलेल्या कापसाचा ढीग वाटत होती. शिवकन्या तिच्याकडं बघून हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच पोरीचे दात दिसले. वर्षाराणीला वाटलं, आता मेले तरी चालेल, पण उद्या संध्याकाळनंतर.

रविवारी ती पहाटेच उठली. दशम्या करायच्या होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटायची होती, आणि तेरहून धाराशिव आणि तिथून सोलापूर अशा दोन गाड्या गाठायच्या होत्या. शिवकन्या न्हाणीतून आवरून खोलीत गेली. तिनं इस्त्रीचा ड्रेस काढून ठेवला होता, फिकट पिस्ता रंगाचा. आतून बांगड्यांचा आवाज आला तेव्हा वर्षाराणीला भरून आलं. लेकीनं बांगड्या घातल्या होत्या. दशम्या फडक्यात बांधून ती मांजरीला टोपलीत घालायला ओसरीवर आली.

मांजर पिवळी झाली होती.

कपाळावर बोटभर जाड मळवट. तिथून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत ओढलेला पिवळा पट्टा. शेजारी बिरूमामा उकिडवे बसलेले, हातात वाटी, वाटीत देवाच्या आंघोळीच्या पाण्यात कालवलेला भंडारा. रविवार देवाचा वार. कळप लांबच्या वाटेला निघायचा असला की पुढच्या मेंढ्याला असाच मळवट भरायचा, हा त्यांच्या घराचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. लग्न होऊन आली तेव्हा वर्षाराणीनंही तो पाहिला होता. चेहऱ्यावर समाधान म्हणाल तर मामांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कळप गेल्यापासून दिसलं नव्हतं.

वर्षाराणीनं हातातली दशम्यांची पुरचुंडी तिथंच टाकली. तिनं मांजर उचलली आणि न्हाणीत धावली. शॅम्पू संपलेला. समोर अंगाचा साबण होता. तोच घेऊन तिनं मांजरीच्या पाठीवर खसाखसा चोळला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वरणाचे डाग पडलेले शाळेचे शर्ट धुण्यात वर्षाराणीची निम्मी हयात गेलेली. तिच्या स्वतःच्या हळदीची साडी पहिल्या धुण्यात अशीच लालभडक झाली होती आणि तेव्हा हयात असलेल्या सासूबाई, नागूबाई, तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हे सगळं ठाऊक असलेल्या बाईनं साबण चोळला. दमलेल्या माणसाचा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. मांजर आगीतून निघून फुफाट्यात पडली. फेस लाल झाला, पाणी लाल झालं, आणि पाण्यावर पाणी ओतल्यावर जे शिल्लक राहिलं ते शेंदरी होतं. मारुतीच्या पारावरून उठून आल्यासारखी मांजर तिच्याकडं बघत होती, रुसलेली.

वर्षाराणी ओली मांजर घेऊन बाहेर आली आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. इतक्या दिवसांची पाठ, मान, बोटं, सगळं एकदम दुखायला लागलं. आणि ज्याच्यावर राग काढणं सगळ्यात सोपं, त्याच्यावर तिनं तो काढला.

“मामा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? घरात बसून एक दिवस गप्प राहता येत नाही का तुम्हाला? पोरगी आज बाहेर पडणार होती. आज. आता काय सांगू तिला?”

बिरूमामांनी वाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसला. त्या हाताकडं बघितलं.

“मागल्या खेपंला तू माजा हात धरलीस,” ते म्हणाले.

“कधी?”

“पोरगी लातूरला निघाली तवा. म्या भंडारा घेऊन दारात हुबा व्हतो. तू म्हनलीस, मामा, नका, डिरेस नवा हाय, डाग पडंल, तितं पोरी हसतील. पोरगी वाकली व्हती माज्याम्होरं. तू तिला वढून नेलीस.” त्यांनी वाटी बाजूला सरकवली. “बिगर भंडाऱ्याचं गेलं लेकरू. आन् कशी परत आली ती तू बगतीसच की. म्हनून आज इचारलं न्हाय कुनाला. तू चुलीपाशी असतानाच लावला.”

वर्षाराणीला उत्तर येत होतं. गावोगाव फिरून ती हेच तर सांगायची. अंगाऱ्यानं ताप उतरत नाही आणि भंडाऱ्यानं मार्क मिळत नाहीत. ते खरंच होतं, आणि आज सांगितलं असतं तरी खरंच राहिलं असतं. पण तिला आठवली ती वाकलेली मान. नवा पांढरा ड्रेस, तेल लावून घातलेली घट्ट वेणी, आणि आजोबांसमोर खाली घातलेलं डोकं. दारात जीप उभी होती, उशीर होत होता. आपण दंड धरून तिला ओढलं होतं. वाकलेली पोरगी तशीच अर्धवट उठली होती आणि जीपमध्ये बसली होती. हे सगळं आपण कसं विसरलो? आणि हा म्हातारा इतके दिवस ते मनात घेऊन, भिंतीला टेकून, रविवारी किती वाजता निघायचं ते विचारत बसला होता.

ती रडायला लागली. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत ओली शेंदरी मांजर होती.

शिवकन्या खोलीच्या दारात उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं मांजरीकडं बघितलं, आजोबांच्या वाटीकडं बघितलं आणि मग आईकडं. आता ही वळेल, दार लोटून घेईल आणि पुन्हा ते उघडणार नाही, असं वर्षाराणीला वाटलं. सांगायला गेली, पण शब्दांची सगळी सरमिसळ झाली. साबण मीच लावला, मामांचं काही नाही, माझंच चुकलं, मला ठाऊक होतं हळद लाल होते, ठाऊक होतं गं मला.

शिवकन्या पायरीवर येऊन बसली. तिनं आईच्या हातातून मांजर काढून घेतली आणि लुगड्यात गुंडाळली. दैवशालाचं यंत्र लावलं आणि एका हातानं केस उचलत, एका हातानं वारा देत ती मांजर वाळवायला लागली. मांजर दोनदा ओरडली. पोरीचा हात थरथरला, पण तिनं यंत्र खाली ठेवलं नाही. वर्षाराणी नुसती बघत राहिली; मदत करायला उठावं इतकंही बळ तिच्यात नव्हतं, आणि ते बरंच झालं.

मांजर वाळली. फुलली. शेंदरी ती शेंदरीच राहिली.

“आता स्पर्धेत नाही घेणार हिला,” शिवकन्या म्हणाली. “रंग लावलेली मांजर चालत नाही.”

“मग?”

“जाऊन बघून तर येऊ. बाकीच्या मांजरी बघू.” तिनं मांजर टोपलीत ठेवली, झाकण लावलं. मग आजोबांसमोर जाऊन बसली. “आबा, माझा राहिलाय.”

बिरूमामांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी वर्षाराणीकडं बघितलं. परवानगी मागावी तसं बघितलं, आणि ते बघणं वर्षाराणीला सगळ्यात जास्त लागलं. तिनं मान हलवली. म्हाताऱ्यानं वाटीत बोटं बुडवली. शिवकन्येनं डोकं खाली घातलं. त्यांची बोटं निथळत होती, वाटी भरलेली होती. मळवट भरताना भंडाऱ्याचा एक ओघळ पोरीच्या भुवईवरून निसटला आणि इस्त्रीच्या पिस्ता रंगाच्या ड्रेसवर पडला. मोठा, पिवळाजर्द डाग.

वर्षाराणीनं तो पडताना पाहिला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं ते तिथंच राहू दिले.

ठरलेली गाडी चुकली, पुढची मिळाली. बिरूमामाही आले. त्यांना या म्हणायची गरज पडली नाही. नातीनं त्यांची काठी आणून हातात दिली आणि ते निघाले. एसटीत वर्षाराणी खिडकीशी बसली, शेजारी शिवकन्या, तिच्या मांडीवर टोपली. तेरची घरं मागं पडायच्या आतच वर्षाराणीची मान कलली. इतक्या महिन्यांची झोप सगळी एकदम आली होती. डोळे मिटता मिटता तिला कंडक्टरचा आवाज ऐकू आला. तो टोपलीत काय आहे म्हणून विचारत होता. सवयीनं ती उत्तर द्यायला डोळे उघडणार होती. लेकीच्या वतीनं बोलायची सवय तिला दिवाळीपासून लागली होती.

“मांजर आहे,” शिवकन्या म्हणाली. आवाज बारीक होता, पण कंडक्टरला ऐकू गेला. “सोलापूरला शोला चाललीय.”

कंडक्टरनं झाकणाच्या फटीतून आत बघितलं आणि विचारलं, हिचा रंगच असा आहे का?

“नाही,” शिवकन्या म्हणाली, “आमच्या आबांनी लावलाय.”

पलीकडच्या बाकावरनं बिरूमामा काहीतरी सांगायला लागले, मेंढ्यांचं, कळपाचं, वाटेला लागायच्या रिवाजाचं. कंडक्टर काहीतरी विचारत होता आणि मधूनमधून शिवकन्या उत्तर देत होती. काय ते वर्षाराणीला नीट ऐकू आलं नाही. ती लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.